ऑगी गारिडो : मायनर लीगच्या उंबरठ्यावरून महाविद्यालयीन बेसबॉलच्या शिखरावर

ऑगस्ट एडमन गारिडो ज्युनियर, अर्थात ऑगी गारिडो (६ फेब्रुवारी १९३९ – १५ मार्च २०१८), हे अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलच्या इतिहासातील सर्वाधिक यशस्वी प्रशिक्षकांपैकी एक. खेळाडू म्हणून त्यांनी मायनर लीगमध्ये सहा हंगाम काढले; परंतु मेजर लीगमधील एकही सामना त्यांच्या वाट्याला आला नाही. प्रशिक्षक म्हणून मात्र ४८ हंगामांत त्यांच्या संघांनी १,९७५ सामने जिंकले आणि पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. दोन वेगवेगळ्या विद्यापीठांना राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे ते पहिले बेसबॉल प्रशिक्षक होत.

या दोन आकड्यांमधील अंतर हाच त्यांच्या कारकिर्दीचा खरा विषय आहे. मायनर लीगमध्ये पाऊल ठेवणाऱ्या बहुसंख्य तरुणांचा प्रवास मेजर लीगपर्यंत पोहोचत नाही. ज्याला जग अपयश म्हणते, तो अनुभव काहींच्या हाती पुढे ज्ञान होऊन येतो; पण तो आपोआप येत नाही. गारिडो यांच्या बाबतीत तो कसा आला, हे समजून घेण्यासाठी प्रथम मायनर लीग म्हणजे काय, हे पाहावे लागेल.

मायनर लीगची शिडी

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या शिखरावर मेजर लीगचे तीस संघ आहेत. प्रत्येक संघाच्या हाताखाली लहान शहरांतून खेळणारे संलग्न संघ असतात. तरुण खेळाडूंना करारबद्ध करून अशा संघांत घडवण्याची ही पद्धत १९२० च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्सचे व्यवस्थापक ब्रँच रिकी यांनी रुजवली. तिला ‘फार्म सिस्टीम’ म्हणतात. शेतात पीक तयार व्हावे तसे येथे खेळाडू तयार होतात, ही त्यामागील कल्पना. तळाशी नवोदितांचे संघ, त्यावर ‘सिंगल ए’, मग ‘डबल ए’ आणि सर्वांत वर ‘ट्रिपल ए’, अशी ही शिडी आहे. ट्रिपल एमधील खेळाडू मेजर लीगपासून केवळ एक पायरी दूर असतो आणि अनेकांचे आयुष्य त्याच पायरीवर थबकते.

या शिडीवरचे जीवन दीर्घकाळ हलाखीचे होते. रात्रभराचा बसप्रवास, स्वस्त निवास आणि तुटपुंजे मानधन हा तेथील नित्यक्रम. २०१८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने संमत केलेल्या एका कायद्याने तर या खेळाडूंना जादा कामाच्या वेतनाच्या संरक्षणातूनही वगळले. २०२३ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक वेतन करार झाला, तेव्हा ट्रिपल एमधील किमान वार्षिक वेतन १७,५०० डॉलरवरून ३५,८०० डॉलरवर गेले. तत्पूर्वी, २०२१ मध्ये, संलग्न संघांची संख्या १६० वरून १२० वर आणण्यात आली होती. म्हणजे वेतन वाढले, पण शिडीवरील जागा कमी झाल्या.

व्हलेहो ते क्लीव्हलँड

गारिडो यांचा जन्म उत्तर कॅलिफोर्नियातील व्हलेहो या शहरातला. शेजारच्या मेअर आयलंड येथील नौदलाच्या गोदीवर या शहराचे पोट चाले. गारिडो यांचे वडीलही गोदीत काम करीत. मुलाने खेळाच्या नादी न लागता कायमस्वरूपी, सुरक्षित नोकरी धरावी, अशी त्यांची अपेक्षा होती. ती अपेक्षा ओळखीची वाटण्यासाठी वाचकाला कॅलिफोर्नियात जन्म घेण्याची गरज नाही. मुलाने मात्र फ्रेझ्नो स्टेट या महाविद्यालयाची वाट धरली आणि १९५९ मध्ये त्या संघातून ‘कॉलेज वर्ल्ड सिरीज’ खेळली. ही महाविद्यालयीन बेसबॉलची राष्ट्रीय अंतिम स्पर्धा असून ती १९५० पासून नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरात भरते. त्यामुळे अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंच्या तोंडी ‘ओमाहा’ हे शहराचे नाव न राहता ध्येयाचे नाव झाले आहे.

१९६१ मध्ये पदवी हाती घेऊन गारिडो क्लीव्हलँड इंडियन्स (आजचे क्लीव्हलँड गार्डियन्स) या संघाच्या मायनर लीगमध्ये दाखल झाले. तेव्हा खेळाडूंची आजच्यासारखी वार्षिक निवडप्रक्रिया, म्हणजे ‘ड्राफ्ट’, अस्तित्वात नव्हती. ती १९६५ मध्ये सुरू झाली. संघांचे निरीक्षक गावोगावी फिरत आणि पसंत पडलेल्या मुलांशी थेट करार करीत. गारिडो यांनी अशा प्रकारे १९६१ ते १९६६ हे सहा हंगाम खेळून काढले. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मेजर लीगचे दार उघडण्याची शक्यता मावळली आणि त्यांनी खेळणे थांबवले.

येथे एक तपशील महत्त्वाचा आहे. गारिडो यांच्याजवळ पदवी होती. त्यामुळे खेळ थांबताच शाळेचे दार त्यांच्यासाठी बंद नव्हते. हायस्कूलमधून थेट करार करणाऱ्या तरुणापाशी हा आधार नसतो. आजच्या नियमांनुसार चार वर्षांच्या महाविद्यालयात प्रवेश घेतलेला खेळाडू साधारणपणे तिसरे वर्ष संपल्यावर किंवा वयाची एकवीस वर्षे पूर्ण झाल्यावर पुन्हा ड्राफ्टसाठी पात्र ठरतो. तसेच खेळ संपल्यानंतरच्या शिक्षणाचा खर्च संघाने उचलण्याची तरतूद करारात करून घेता येते. करारावर सही करताना मिळणाऱ्या रकमेच्या झगमगाटात ही तरतूद अनेक कुटुंबांच्या नजरेतून निसटते. अमेरिकेत वाढणारी आपली मुले आता सर्वच खेळांत दिसू लागली असताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

शाळेच्या मैदानावरून फुलर्टनकडे

निवृत्तीनंतर गारिडो यांनी कॅलिफोर्नियातच हायस्कूलच्या मुलांना शिकवण्यास सुरुवात केली. १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट, १९७० ते १९७२ या काळात सॅन लुईस ओबिस्पो येथील कॅल पॉली आणि १९७३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील ‘कॅल स्टेट फुलर्टन’, असा त्यांचा प्रवास झाला.

फुलर्टन हे तेव्हा अवघे पंधरा-सोळा वर्षांचे सरकारी विद्यापीठ होते. बहुतेक विद्यार्थी घरून ये-जा करणारे. परंपरा नाही, पैसा नाही, नावाजलेले मैदान नाही. थोड्याच अंतरावर लॉस एंजेलिसमध्ये युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया हे खासगी विद्यापीठ होते. रॉड डेडो यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने १९७० ते १९७४ अशी सलग पाच वर्षे राष्ट्रीय विजेतेपद पटकावले होते. गुणवान खेळाडूंची पहिली पसंती कोणाला असणार, हे सांगण्याची आवश्यकता नव्हती. तरीही १९७५ मध्ये, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत प्रवेश केल्याच्या पहिल्याच वर्षी, फुलर्टनने ओमाहा गाठले.

१९७९ मध्ये आर्कान्सॉचा २–१ असा पराभव करून या संघाने पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्या वर्षीचा ‘गोल्डन स्पाइक्स’ हा देशातील सर्वोत्तम हौशी खेळाडूचा पुरस्कार फुलर्टनच्या टिम वॉलक यांना मिळाला. १९८४ मध्ये अंतिम सामन्यात टेक्ससला ३–१ असे नमवून दुसरे विजेतेपद आले. विद्यापीठाचे आजचे स्टेडियम उभे राहिले ते १९९२ मध्ये, हे लक्षात घेतले म्हणजे या दोन विजेतेपदांचे मोल कळते.

१९८८ ते १९९० ही तीन वर्षे गारिडो यांनी इलिनॉय विद्यापीठात काढली. १९९१ मध्ये ते फुलर्टनला परतले. १९९२ मध्ये त्यांचा खेळाडू फिल नेव्हिन हा मेजर लीगच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. १९९५ च्या संघाने ५७ सामने जिंकले, केवळ ९ गमावले आणि सदर्न कॅलिफोर्नियाला ११–५ असे हरवून तिसरे विजेतेपद घेतले. त्या संघाचा तारा मार्क कोट्से पुढे दीर्घकाळ मेजर लीग खेळला आणि नंतर तेथे व्यवस्थापकही झाला.

अपयशाचे शास्त्र

गारिडो यांच्या पद्धतीचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : बेसबॉल हा अपयश पचवण्याचा खेळ आहे. दहा वेळा बॅट घेऊन उभा राहिलेला फलंदाज तीन वेळा यशस्वी झाला, तर तो उत्तम मानला जातो. याचाच अर्थ, उत्तम फलंदाजही दहापैकी सात वेळा अपयशी ठरतो. शाळेत सर्वांना सहज मागे टाकणाऱ्या मुलाला हे गणित ठाऊक असते, पण पचलेले नसते. महाविद्यालयात आपल्याच तोडीच्या पिचरसमोर उभे राहावे लागले की त्याचा आत्मविश्वास ढासळतो आणि एक चूक दुसरीला जन्म देते.

मायनर लीगमधील सहा वर्षांत गारिडो यांनी हे इतरांच्या आणि स्वतःच्या बाबतीत पाहिले होते. समान कौशल्याच्या दोन खेळाडूंपैकी एक वर चढतो आणि दुसरा खाली राहतो. या भेदाचे कारण पुष्कळदा हातापायांत नसून मनात असते. म्हणून फुलर्टनमध्ये त्यांनी त्याच विद्यापीठातील क्रीडा मानसशास्त्राचे प्राध्यापक केन रविझा यांना आपल्या संघाबरोबर घेतले. खेळाडूंना मानसिक प्रशिक्षण देणे ही तेव्हा रूढ गोष्ट नव्हती; किंबहुना ते दुर्बलतेचे लक्षण मानले जाई. रविझा यांची शिकवण साधी होती : गेलेला चेंडू गेला, पुढचा अजून आलेला नाही, हातात आहे तो हाच चेंडू. श्वासाकडे लक्ष देणे, मैदानावरील एखाद्या ठरावीक बिंदूवर नजर स्थिर करणे, अशा छोट्या कृतींतून खेळाडूला वर्तमानात परत आणण्याचा त्यांचा प्रयत्न असे.

खेळाच्या डावपेचांतही हीच दृष्टी होती. त्यांचे संघ ‘बंट’साठी प्रसिद्ध होते. बंट म्हणजे चेंडू जोरात न टोलवता बॅटने हलकेच अडवून जवळ टाकणे. यात फलंदाज बहुधा स्वतः बाद होतो, पण सहकारी एक तळ पुढे सरकतो. दिमाखदार फटक्याची हौस बाजूला ठेवून संघासाठी स्वतःची विकेट देण्याची ही तयारी गारिडो प्रत्येक खेळाडूकडून अपेक्षित करीत, मग तो कितीही मोठा फटकेबाज असो.

टेक्ससमधील वीस वर्षे

१९९७ च्या हंगामापासून गारिडो यांनी ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठाची सूत्रे हाती घेतली. त्यांच्याआधी तेथे क्लिफ गस्टाफसन यांनी जवळपास तीन दशके काम केले होते आणि १,४२७ विजयांचा विक्रम त्यांच्या नावावर होता. फुलर्टनमध्ये काहीच नव्हते, तर येथे सगळे होते : पैसा, परंपरा, चार राष्ट्रीय विजेतेपदे आणि त्यामुळेच असहिष्णू अपेक्षा. पहिली काही वर्षे कठीण गेली. २००० मध्ये संघ ओमाहाला पोहोचला. २००२ मध्ये साउथ कॅरोलायनाला १२–६ असे हरवून त्याने विजेतेपद मिळवले. पहिल्याच वर्षाला असलेला पिचर ह्यूस्टन स्ट्रीट त्या स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. २००३ मध्ये गारिडो यांनी गस्टाफसन यांचा विक्रम मागे टाकला. २००५ मध्ये फ्लोरिडाला सलग दोन सामन्यांत नमवून पाचवे विजेतेपद आले.

या दोन विजेतेपदांच्या मध्ये २००४ चा पराभव आहे आणि तो त्यांच्या कारकिर्दीतील कदाचित सर्वांत बोलका प्रसंग ठरावा. अंतिम फेरीत टेक्ससची गाठ पडली ती फुलर्टनशी. फुलर्टनचे प्रशिक्षक जॉर्ज हॉर्टन हे सत्तरच्या दशकात गारिडो यांचे खेळाडू आणि नव्वदच्या दशकात त्यांचे सहायक होते. त्या हंगामात फुलर्टनची सुरुवात १५ विजय आणि १६ पराभव अशी झाली होती. तेव्हा रविझा यांची एक युक्ती कामी आली : खेळण्यातले छोटे शौचकूप. चूक झाली की त्याचा दट्ट्या दाबायचा आणि ती वाहून गेली असे समजायचे! हसण्यावारी नेण्यासारख्या या युक्तीने संघ सावरला, ओमाहाला पोहोचला आणि त्याने टेक्ससला ६–४ व ३–२ असे हरवले. गारिडो यांनी जे रोप लावले, त्याच्याच फळाने त्यांना हरवले. मात्र उपविजेतेपदाचे पारितोषिक स्वीकारण्यासाठी टेक्ससचा संघ मैदानावर परतला नाही, म्हणून त्यांच्यावर टीका झाली. अपयश पचवण्याचे धडे देणाऱ्यालाही तो घास प्रत्येक वेळी गिळता येतोच असे नाही.

३० मे २००९ रोजी ऑस्टिनमध्ये टेक्सस आणि बोस्टन कॉलेज यांच्यात झालेला सामना २५ डाव आणि सात तासांहून अधिक काळ चालला. नेहमीचा सामना नऊ डावांचा असतो. टेक्ससने तो ३–२ असा जिंकला. महाविद्यालयीन बेसबॉलमधील तो सर्वांत लांबलेला सामना ठरला. टेक्ससच्या ऑस्टिन वुडने त्यात राखीव पिचर म्हणून येऊन तब्बल १३ डाव आणि १६९ चेंडू टाकले. त्या कामगिरीचे कौतुक झाले, तसेच एका तरुणाच्या खांद्यावर एवढा भार टाकावा काय, असा प्रश्नही विचारला गेला. तो प्रश्न रास्त होता.

उणी बाजू

गारिडो हे संतपुरुष नव्हते. चित्रपट दिग्दर्शक रिचर्ड लिंकलेटर हे स्वतः महाविद्यालयात बेसबॉल खेळलेले. त्यांनी गारिडो यांच्यावर २००८ मध्ये ‘इनिंग बाय इनिंग’ हा माहितीपट काढला. त्यात शांतपणे तत्त्वचिंतन करणारा शिक्षक दिसतो आणि पराभवानंतर खेळाडूंवर शिव्यांचा भडिमार करणारा संतप्त माणूसही दिसतो. जानेवारी २००९ मध्ये मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल त्यांना अटक झाली आणि त्या हंगामातील पहिल्या चार सामन्यांना ते मुकले. खेळाडूंना जबाबदारी शिकवणाऱ्याने स्वतः ती मोडली, ही नोंद त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

मार्च २०१४ मध्ये त्यांनी गॉर्डी गिलेस्पी यांचा १,८९३ विजयांचा विक्रम मागे टाकला आणि सर्व श्रेणींतील महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये ते अग्रस्थानी आले. त्याच वर्षी टेक्सस पुन्हा ओमाहाला गेले. प्रशिक्षक म्हणून गारिडो यांची ही पंधरावी आणि शेवटची कॉलेज वर्ल्ड सिरीज. २०१६ च्या हंगामात संघाने २५ सामने जिंकले व ३२ गमावले. त्यानंतर त्यांनी प्रशिक्षकपद सोडले. १५ मार्च २०१८ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले.

तो विक्रम आणि ती वाट

त्यांच्या निधनानंतर दोन महिन्यांच्या आतच, ५ मे २०१८ रोजी, १,९७५ विजयांचा विक्रम फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या माइक मार्टिन यांनी मोडला. मार्टिन हेही मायनर लीगचेच. न्यूयॉर्क मेट्स आणि डेट्रॉइट टायगर्स यांच्या संलग्न संघांतून ते खेळले. मेजर लीग त्यांनाही लाभली नाही. १९८० ते २०१९ या चाळीस हंगामांत त्यांनी २,०२९ सामने जिंकले. प्रत्येक वर्षी किमान ४० विजय आणि प्रत्येक वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश, असे सातत्य दुसऱ्या कोणाकडे नाही. मात्र सतरा वेळा ओमाहाला जाऊनही राष्ट्रीय विजेतेपद त्यांच्या हाती एकदाही आले नाही. मेजर लीगच्या उंबरठ्याबाहेर राहिलेल्या दोघांपैकी एकाला पाच विजेतेपदे मिळाली, दुसऱ्याला एकही नाही. तरीही दोघांच्या हाताखालून गेलेल्या शेकडो तरुणांना यातील कोणता शिक्षक श्रेष्ठ, हे विजेतेपदांच्या संख्येवरून ठरवता येणार नाही.

ही वाट आजही खुली आहे, पण ती रुंद नाही. २०२३ पर्यंत महाविद्यालयीन बेसबॉल संघातील एक सहायक प्रशिक्षक नियमानेच बिनपगारी ‘स्वयंसेवक’ असे. मायनर लीगमधून बाहेर पडलेले कित्येक तरुण याच पदावर वर्षानुवर्षे, शिबिरांतून आणि खासगी शिकवण्यांतून गुजराण करीत, उमेदवारी करत राहिले. १ जुलै २०२३ पासून त्या जागेला वेतन देण्याची मुभा मिळाली. खेळाडूंच्या बाबतीतही अनेक दशके संपूर्ण संघासाठी मिळून केवळ ११.७ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. बहुतेकांना शुल्काचा काही भागच मिळे. २०२५ पासून नव्या व्यवस्थेत सामील झालेल्या विद्यापीठांसाठी ही मर्यादा गेली असून त्याऐवजी संघातील खेळाडूंची संख्या ३४ वर सीमित झाली आहे.

गारिडो यांच्या चरित्राचा अर्थ ‘अपयश आले तरी चालेल’ असा काढणे सोपे आहे, पण तो अपुरा ठरेल. अपयशानंतर उभे राहण्यासाठी त्यांच्यापाशी पदवी होती, शाळेतल्या साध्या नोकरीपासून सुरुवात करण्याची तयारी होती आणि आपण वर का पोहोचलो नाही, याचा प्रामाणिकपणे शोध घेण्याची वृत्ती होती. मायनर लीगने त्यांना मोठे केले नाही. मायनर लीगमध्ये काय घडले याचा विचार त्यांनी पन्नास वर्षे चालू ठेवला, म्हणून ते मोठे झाले.